मनाच्या आजाराचा भाव कोण ठरवतो?



कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला भाव म्हणजे काय हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. गळीत हंगाम तोंडावर आला की जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, पहिली उचल किती यावर पारावर वाद झडतात, प्रसंगी तोडी आणि वाहने अडवली जातात, आणि या साऱ्या ओढाताणीतून एक आकडा निघतो. हा आकडा आकाशातून पडत नाही, तसा तो मागणी-पुरवठ्याच्या कुठल्या निर्विकार नियमातूनही निघत नाही. त्यामागे तीन गोष्टी असतात. भाव ठरतो त्या बैठकीत कोण बसले आहे, ही पहिली. सौदा पसंत नसेल तर बैठकीतून उठून जाण्याची ताकद कोणाला आहे, ही दुसरी. आणि याच्या खाली भाव जाणार नाही, अशी कायद्याची जमीन पायाखाली आहे की नाही, ही तिसरी.

तोडलेला ऊस फडात थांबत नाही, त्याचा उतारा तासातासाने घटतो. दोन कारखान्यांमध्ये पंचवीस किलोमीटर हवाई अंतर ठेवण्याची अट महाराष्ट्रात आहे, त्यामुळे दुसरा खरेदीदार सहजी जवळ येत नाही. म्हणजे ऊस उत्पादक उठून जाऊ शकत नाही. ही दुर्बलता ओळखूनच चळवळीने इतर दोन गोष्टींवर भर दिला. संघटना करून बैठकीत जागा मिळवली, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातील किमान दराचा व चौदा दिवसांत पैसे देण्याच्या तरतुदीचा आधार घेतला. कुंडलच्या परिसरातील लहानथोरांना हा इतिहास ठाऊक आहे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच, की हीच तीन मापे एका वेगळ्या आणि सहसा न बोलल्या जाणाऱ्या भावाला लावून पाहावीत. तो भाव म्हणजे मनाच्या आजारावरील उपचारांचा.

हा भावही वाटाघाटीने ठरतो, याची जाणीव फारच थोड्यांना आहे. रुग्णाला दिसते ते रुग्णालयाचे बिल. त्याच्या आधी विमा कंपनी, तिच्या वतीने दाव्यांचे काम पाहणारी मध्यस्थ संस्था आणि रुग्णालय यांच्यात करार झालेला असतो. कंपनी म्हणते, आमचे इतके विमेदार तुमच्याकडे पाठवू, त्या बदल्यात दर कमी करा. रुग्णालय म्हणते, आमच्याकडील तज्ज्ञांसाठी लोक तुमचा विमा घेतात, तेव्हा दर वाढवा. एकाची शक्ती संख्येत, दुसऱ्याची नावलौकिकात. जुलै २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई व बंगळूर या शहरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सेवा बंद केली, आणि ठरीव पॅकेज-दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचेच जाळे तयार केले. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमके उलटे घडले. दर परवडत नाहीत म्हणून रुग्णालयांच्या एका संघटनेने उत्तर भारतात दोन खासगी विमा कंपन्यांची कॅशलेस सेवा थांबवण्याची घोषणा केली. दोन्ही वेळा उठून जाण्याची धमकी हेच हत्यार होते. आणि दोन्ही वेळा ज्याच्या हप्त्यावर हा सारा व्यवहार चालतो, तो विमेदार बैठकीच्या बाहेर उभा होता.

आता मानसिक आजाराकडे वळावे. मोतीबिंदूची किंवा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया म्हटली की किती दिवस लागतील, काय साहित्य लागेल, हे बरेचसे आधी सांगता येते. म्हणून तिचे पॅकेज बांधता येते. मनाच्या आजारात हे जमत नाही. एकच निदान असलेले दोन रुग्ण घेतले, तर एक आठवड्यात घरी जातो आणि दुसऱ्याला दोन महिने लागतात. ही अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेने १९८३ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यासाठी निदानानुसार ठरीव रक्कम देण्याची पद्धत आणली, तेव्हा मनोरुग्णालयांना तिच्यातून वगळावे लागले. कारण निदानावरून खर्चाचा अंदाज बांधता येईना. अखेर २००५ पासून त्यांच्यासाठी दिवसागणिक दराची निराळी पद्धत सुरू झाली. दिवसागणिक दर आला की हितसंबंधही उलटसुलट होतात. रुग्णालयाला खाट भरलेली राहण्यात लाभ, विमा कंपनीला ती लवकर रिकामी होण्यात. रुग्णाला खरोखर किती दिवसांची गरज आहे, हा प्रश्न या दोन लाभांच्या मध्ये चिरडला जातो.

भारतात या प्रश्नाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक विमा कंपनीवर बंधन घातले, की शारीरिक आजारांना ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर तो मानसिक आजारांनाही द्यावा. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले. तरीही टाळाटाळ चालू राहिली. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका विमेदार स्त्रीच्या दाव्यात कंपनीला या कलमाची आठवण करून द्यावी लागली. आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पूर्वी सर्व आरोग्य विमा योजनांत मानसिक आजार समाविष्ट करा, असे प्राधिकरणाला पुन्हा बजावावे लागले. समतेचे कलम कागदावर आल्यापासून ते पॉलिसीत उतरेपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला.

पण पॉलिसीत उतरलेली ही समताही तपासून घेतली पाहिजे. आपल्याकडील आरोग्य विमा हा मूलतः रुग्णालयात चोवीस तास दाखल झालेल्या रुग्णाचा विमा आहे. मनाच्या आजाराचे बहुतांश रुग्ण मात्र दाखल होतच नाहीत, आणि होऊही नयेत असेच आधुनिक मानसोपचार सांगतो. त्यांना हवी असते महिन्या-दोन महिन्यांनी तज्ज्ञाची भेट, न चुकता घेतलेली गोळी, अधूनमधून समुपदेशकाशी तासभर बोलणे, आणि घरच्या माणसांना थोडे मार्गदर्शन. यातील एकही गोष्ट सर्वसामान्य पॉलिसीच्या दरपत्रकात नसते. शारीरिक आजाराला जो नियम तोच मानसिक आजाराला लावला, एवढ्याने समता सिद्ध होत नाही. कारण नियम घडवताना खाटेवर निजलेला शरीराचा रुग्णच डोळ्यांसमोर होता. दोन असमान गरजांना एकच माप लावणे ही समतेची नव्हे, विषमतेचीच एक रीत आहे.

दुसरी विसंगती अधिक ढळढळीत आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली, तिच्यात दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. परंतु २०१९ मध्ये नियामक प्राधिकरणाने विम्यातून वगळता येणाऱ्या बाबींची जी प्रमाणित यादी केली, तिच्यात दारू व अन्य व्यसनांवरील उपचार वगळण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे एका कायद्याने जो आजार मानला, तो दुसऱ्या नियमाने दोष ठरवला. ज्या महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले आणि व्यसन हा उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे हे हजारो कुटुंबांना दाखवून दिले, त्या महाराष्ट्रात तरी ही विसंगती निमूटपणे मान्य होता कामा नये.

हे झाले पॉलिसी विकत घेऊ शकणाऱ्यांचे. श्रमिकांसाठी शासन स्वतः खरेदीदार बनले, ते राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेपासून. ही योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगली-साताऱ्यासह सर्व राज्यात आली. शासनाने कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपनीला द्यायचा, दीड लाखापर्यंतचे उपचार ठरीव दरांनी व्हायचे, अशी तिची घडण. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली तेव्हा हप्ता ७९७ रुपयांवर गेला, आणि १ जुलै २०२४ पासून संरक्षण पाच लाखांचे झाले. मोठी झेप आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु मूळ योजनेत ज्या तीस विशेष शाखा होत्या त्यांत हृदयरोग होता, भाजलेल्यांवरील उपचार होते, त्वचारोगही होता. मनोविकारशास्त्र तेवढे नव्हते. २०१८ च्या केंद्रीय योजनेने मानसिक आजारांची पॅकेजेस आणली, पण सुरुवातीला ती सरकारी रुग्णालयांपुरतीच राखून ठेवली. आणि दोन्हीकडे, दाखल होणे ही अट कायम.

सरकारी रुग्णालयांपुरते राखणे यात तत्त्वतः वावगे काही नाही. किंबहुना समाजवादी विचाराला ते जवळचेच वाटावे. पण ज्या सेवेसाठी रुग्ण पाठवायचा ती सेवा तिथे हवी. राज्यात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे; ती सगळी ब्रिटिश अमदानीत मूळ धरलेली. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आणि १९९६ पासूनच्या जिल्हा कार्यक्रमाने ही सेवा गावाजवळ आणण्याचे ठरवले. पण तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ नियमित भेटणे हे आजही नशिबावर अवलंबून आहे. ज्या खरेदीदाराजवळ स्वतःची सक्षम सेवा नाही, तो खासगी रुग्णालयाला ‘नको’ कसे म्हणणार? उठून जाण्याची ताकद भाषणातून येत नाही. ती दुसरा पर्याय उभा असण्यातून येते. सार्वजनिक मानसोपचार सेवा ही केवळ गरिबाची सोय नाही. साऱ्या समाजाच्या वतीने भाव पाडून मागण्याचे ते सर्वांत प्रभावी साधन आहे. ती खंगू देऊन विम्याचा हप्ता वाढवत नेणे म्हणजे स्वतःचे हात बांधून बाजारात उतरणे होय.

आता त्या भावाकडे पाहू, जो कोणत्याच बैठकीत ठरत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जासंस्था संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जी पाहणी केली, तिच्यात महाराष्ट्र नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावेत असे आहेत. दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. निरनिराळ्या आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांविना होते. आणि जे उपचार घेत होते त्यांच्या कुटुंबांना औषध व प्रवास मिळून महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये खर्च येत होता. हा दीड हजारांचा आकडा धरून एक साधे गणित करावे. वर्षाचे अठरा हजार, दहा वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. जो रुग्ण नियमाने औषध घेतो आणि म्हणून दहा वर्षांत एकदाही दाखल होत नाही, त्याला पाच लाखांच्या विम्यातून मिळणारी रक्कम शून्य. औषध परवडेनासे झाले, ते सुटले आणि आजार उफाळून तो दाखल झाला, तर मात्र विम्याचे दार उघडते. आजार बळावेल तेव्हाच पैसे देणारी व्यवस्था ही काटकसरीचीही नाही आणि माणुसकीचीही नाही.

गावातच सेवा दिली तर काय होते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याची ओळख करून दिली, साधे समुपदेशन केले, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोहोचवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. पुढे हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात हे घडले, हे विशेष. तरीही अशा कार्यकर्तीच्या एका तासाचे मोल कोणत्याही विमा कंपनीच्या अथवा शासकीय योजनेच्या दरपत्रकात नाही.

यावर विमा क्षेत्राचा जुना आक्षेप असा, की बाह्यरुग्ण सेवा मोफत केली तर लोक कारण नसताना येतील. १९७० च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेने केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाचा दाखला त्यासाठी दिला जातो. बाह्यरुग्ण मानसोपचाराची मागणी इतर उपचारांहून किमतीला अधिक संवेदनशील असते, असे तिथे आढळले होते. आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. किंमत थोडी वाढली की माणसे मनाचा उपचार आधी सोडतात, असाच त्याचा अर्थ. जिथे दहांपैकी सात-आठ रुग्ण दारापर्यंतच येत नाहीत, तिथे गर्दीची भीती घालणे हा विनोद आहे.

डॉक्टरांचा आक्षेप अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. दर अत्यल्प, पैसे उशिरा, कागदपत्रांचा ससेमिरा. मग तज्ज्ञाने योजनेत का यावे? अमेरिकेत २००८ मध्ये समतेचा कडक कायदा झाला. पण त्यानंतरच्या अभ्यासात दिसले, की २००९-१० मध्ये खासगी विमा स्वीकारणारे मनोविकारतज्ज्ञ ५५ टक्केच होते, तर इतर डॉक्टरांत हे प्रमाण ८९ टक्के होते. तज्ज्ञ थोडे, रोख पैसे देणारे श्रीमंत रुग्ण पुष्कळ. मग ते विम्याच्या बैठकीतून उठून गेले. समतेचा कायदा झाला पण दराची जमीन घातली नाही, तर यादीत नावे राहतात आणि दारे बंद राहतात. म्हणून केवळ भाव पाडणे हे आपले ध्येय असू शकत नाही. ऊस उत्पादकाला चौदा दिवसांची हमी हवी, तशी योजनेत प्रामाणिकपणे सेवा देणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरलाही वेळेवर आणि रास्त मोबदल्याची हमी हवी.

मग बैठकीत रुग्णाला बसवायचे कसे? याची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. तिच्या महामंडळावर मालक आणि शासन यांच्याबरोबर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. त्याचा परिणाम पाहावा: तिथे बाह्यरुग्ण उपचार आहेत, औषधे आहेत, आणि दीर्घ आजारांत बुडालेल्या मजुरीची भरपाई देणाऱ्या यादीत गंभीर मनोविकारही आहेत. ज्याची जागा बैठकीत होती त्याची गरज दरपत्रकात आली. पण हे संरक्षण कारखान्याच्या फाटकाच्या आत संपते. फडात कोयता चालवणाऱ्या ऊसतोड मजुरापर्यंत ते पोहोचत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने एक साधी रीत रुजवली: सुगीला गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, गावाने मिळून सामील व्हायचे, आणि त्यातून उपचारांचा हक्क मिळवायचा. शेजारच्या कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी ‘यशस्विनी’ योजना निघाली. महिन्याला पाच रुपये वर्गणी आणि त्या संघटित संख्येच्या बळावर रुग्णालयांकडून शस्त्रक्रियांचे ठरीव दर. ती शस्त्रक्रियांपुरतीच राहिली, हे तिचे अपुरेपण. पण सहकार हा उपचारांचाही संघटित खरेदीदार होऊ शकतो, हे तिने सिद्ध केले.

कुंडलचा परिसर या विचाराला परका नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे प्रतिसरकार चालवले, ते न्याय हा सरकारी कचेरीतून मिळणारा प्रसाद नाही, लोकांनी मिळून उभारायची व्यवस्था आहे, या श्रद्धेवर. पुढे याच भूमीत सहकारी कारखाने, पाणीपुरवठा संस्था आणि पतसंस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या सभासदांच्या घरांत मनाचे आजार नाहीत, असे कोणी म्हणू शकेल काय? ते आहेत, फक्त वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर नाहीत.

कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा अशा गोष्टी थोड्या आणि निश्चित आहेत. शासकीय योजनेत मानसिक आजाराच्या रुग्णासाठी दाखल होण्याची अट नसलेले वार्षिक पॅकेज असावे, ज्यात तज्ज्ञाच्या भेटी, औषधे, समुपदेशन आणि गावपातळीवरील कार्यकर्तीचा मोबदला धरलेला असेल. दर ठरवणाऱ्या समितीवर रुग्णांचे व कुटुंबीयांचे प्रतिनिधी असावेत आणि ठरलेले दर मराठीत प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लागावेत. व्यसनोपचार वगळण्याची मुभा रद्द व्हावी. सहकारी संस्थांनी सभासद आणि तोडणी मजूर या दोघांच्या वतीने मिळून करार करावेत.

आणि एक मागणी तर नव्या कायद्याचीही वाट पाहत नाही. २०१७ च्या कायद्याचे अठरावे कलम सांगते, की दारिद्र्यरेषेखालील मानसिक रुग्णाला सरकारी सेवेत मोफत उपचारांचा हक्क आहे. आणि कायद्याने ठरवलेली किमान सेवा जिल्ह्यात शासनाकडे उपलब्ध नसेल, तर रुग्णाला त्या जिल्ह्यातील अन्य सेवा घेता येते आणि तिचा खर्च शासनाने सोसायचा आहे. पायाखालची जमीन कायद्याने घालून ठेवली आहे. तिच्यावर उभे राहणारे कोणी नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबांना शोधावे, त्यांचे अर्ज लिहून द्यावेत, त्यांची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. मनाच्या आजाराने गांजलेले कुटुंब मोर्चा काढू शकत नाही, लाजेपोटी ते शेजाऱ्यालाही सांगत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने बैठकीत बसण्याचे काम संघटनेचे आहे.